सिरफिड माशी : शेतकऱ्याचा अपरिचित मित्र

(संतपूर परिसरातील शेतकरी, शिक्षक व क्षेत्रीय कर्मचारी यांच्यासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातील संतपूर व त्याच्या आसपासची गावे काळ्या जमिनीच्या पट्ट्यात वसलेली आहेत. मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या चारही भाषा येथील आठवडी बाजारात कानांवर पडतात. ज्या पिकाला एक शेतकरी करडई म्हणतो, त्याच पिकाला त्याचा शेजारी कुसुबी म्हणतो. परंतु मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत त्या पिकाच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसला, म्हणजे सर्व भाषांतील शेतकऱ्यांच्या मुखी एकच प्रश्न येतो : “आता कोणते औषध मारावे ?” या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी दुसरा एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. त्या शेंड्यावर माव्याखेरीज आणखी कोण आहे ?

शेंडा हाती धरून नीट निरखून पाहिला, तर माव्याच्या दाटीत पुष्कळदा एक चपटी, बिनपायांची, हिरवट किंवा तपकिरी रंगाची लहानशी अळी आढळते. तिचे डोके दिसत नाही; पुढचा भाग निमुळता व मागचा भाग रुंद असतो. पाहणाऱ्यास वाटते की, मावा थोडा होता म्हणून आता अळीही पडली. मग ती अळी बोटांनी चिरडली जाते आणि फवारणीचा पंप पाठीवर चढतो. वस्तुतः ती अळी पिकाचे एक पानही खात नाही. ती मावा खाते. चिरडली जाते ती शेतात बिनपगारी राबणारी एक मजूर होय.

ही अळी ज्या माशीची, त्या माशीचा परिचय करून देणे, हा या व्याख्यानाचा उद्देश आहे.

माशीची ओळख

कृषि विभागाच्या व विद्यापीठांच्या पुस्तिकांत या माशीला ‘सिरफिड माशी’ असे नाव आहे. ‘सिरफिडी’ या शास्त्रीय कुलनावावरून ते घेतलेले आहे. जगात या कुलातील सुमारे सहा हजार जातींची नोंद झालेली आहे. भारतातील जातींचा पहिला विस्तृत ग्रंथ एन्रिको ब्रुनेट्टी या कीटकशास्त्रज्ञाने लिहिला व तो १९२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाच्या व कृषि विद्यापीठांच्या अभ्यासकांनी या माहितीत भर घातली.

सामान्य माणसाने ही माशी अनेकदा पाहिलेली असते. केवळ तिचे नाव त्याला ठाऊक नसते. सकाळच्या कोवळ्या उन्हात कोथिंबिरीच्या पांढऱ्या फुलांवर, करडईच्या पिवळ्या बोंडांवर किंवा बांधावरील रानफुलांवर एक सडपातळ, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी हवेत एकाच जागी स्थिर उभी राहिलेली दिसते. जणू अदृश्य दोरीने ती टांगलेली आहे. क्षणात ती वीतभर बाजूस सरकते व पुन्हा स्थिर होते. तिचे पंख सेकंदास शंभराहून अधिक वेळा हालत असल्यामुळे ते डोळ्यांस दिसत नाहीत. हवेत असे स्थिर राहण्याचे कौशल्य हीच तिची पहिली खूण होय.

तिच्या अंगावरील पट्टे पाहून अनेकांना ती मधमाशी किंवा गांधीलमाशी वाटते. मुले तिला भिऊन पळतात. तथापि या माशीला नांगी नाही व ती चावतही नाही. पक्ष्यांनी व अन्य भक्षकांनी आपणास डंख करणारा कीटक समजून टाळावे, यासाठी तिला हे रूप लाभले आहे. निरुपद्रवी प्राण्याने उपद्रवी प्राण्याचे रूप धारण करावे, या निसर्गातील प्रकाराचे शास्त्रशुद्ध विवेचन हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गसंशोधकाने १८६२ साली केले. त्याने अकरा वर्षे ॲमेझॉनच्या अरण्यांत राहून फुलपाखरांचा अभ्यास केला होता. त्याने फुलपाखरांविषयी जे सांगितले, तेच संतपूरच्या बांधावरील या माशीलाही लागू पडते.

मधमाशी व सिरफिड माशी यांतील भेद ओळखणे कठीण नाही. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या, म्हणजे चार पंख असतात. सिरफिड माशीला दोनच पंख असतात. मागील पंखांच्या जागी टाचणीच्या डोक्यासारखे दोन बारीक गाठीदार दांडे असतात व उडताना शरीराचा तोल सांभाळण्याचे काम ते करतात. मधमाशीच्या मिशा लांब व कोपरासारख्या वाकलेल्या असतात. या माशीच्या मिशा अगदी आखूड असतात. मधमाशीच्या मागील पायांवर परागाचे गोळे दिसतात. या माशीच्या पायांवर तसे गोळे नसतात. तिचे डोळे मात्र मोठे असून डोक्याचा बहुतेक भाग त्यांनीच व्यापलेला असतो.

मावा का वाढतो ?

या माशीचे कार्य समजण्यासाठी माव्याचा स्वभाव जाणून घेणे आवश्यक आहे. मावा ही अत्यंत लहान व मऊ कीड असून ती सोंडेने झाडाचा रस शोषते. अनुकूल काळात माव्याच्या माद्यांना नराची गरज भासत नाही. त्या अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देतात व ती पिल्ले आठ-दहा दिवसांत स्वतः पिल्ले देऊ लागतात. व्याजावर व्याज चढावे तशी ही वाढ होते. गर्दी झाली किंवा झाड वाळू लागले, म्हणजे पंख असलेले मावे निर्माण होतात व ते दुसऱ्या झाडांवर जाऊन बसतात.

मावा जितका रस शोषतो तितका त्याला पचत नाही. उरलेला गोड चिकट द्रव तो बाहेर टाकतो. हा द्रव पानांवर सांडून पाने तेलकट दिसू लागतात. ज्वारीवर असे झाले, म्हणजे “चिकटा पडला” असे शेतकरी म्हणतात. त्या चिकट थरावर पुढे काळी बुरशी वाढते, पानांना सूर्यप्रकाश मिळत नाही व झाड अन्न तयार करू शकत नाही. करडईचे पीक उशिरा पेरलेले असेल आणि त्यावर मावा दीर्घकाळ टिकला, तर अर्ध्याहून अधिक उत्पन्न बुडू शकते. करडई हे घरच्या तेलाचे पीक असल्यामुळे त्याचा फटका थेट स्वयंपाकघराला बसतो.

अशा या किडीला निसर्गाने मोकळे सोडलेले नाही. ढालकिडा, क्रायसोपा, माव्याच्या शरीरात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या आणि सिरफिड माशी हे तिचे प्रमुख शत्रू आहेत.

अळीचे काम

सिरफिड माशीची मादी माव्याची वसाहत शोधून काढते. पानांवर सांडलेल्या गोड द्रवाचा वास तिला त्या कामी मार्गदर्शक ठरतो. वसाहतीच्या मध्ये किंवा लगत ती पांढरी, लांबट, तांदळाच्या कणीहूनही लहान अंडी एकेकटी घालते. दोन-तीन दिवसांत अंड्यातून अळी बाहेर पडते. तिला डोळे नाहीत, पाय नाहीत. ती चाचपडत पुढे सरकते आणि तोंडाला मावा लागताच त्याला पकडून वर उचलते. मावा अधांतरी धरल्यामुळे त्याला झाडाचा आधार घेता येत नाही. अळी त्याच्या शरीरातील रस शोषून घेते व रिकामे कातडे टाकून देते. हे काम बहुतांशी रात्री चालते. म्हणूनच दिवसा शेतात फिरणाऱ्याच्या ध्यानी ते येत नाही.

अळीची अवस्था साधारणतः आठ ते चौदा दिवसांची असते. सिरफिड माशीच्या ‘एपिसिरफस बाल्टिएटस’ या सर्वत्र आढळणाऱ्या जातीची एक अळी एवढ्या अवधीत काहीशे मावे फस्त करते. त्यानंतर अळी पानाला किंवा खोडाला चिकटून कोषात जाते. हा कोष अश्रूच्या थेंबासारखा, एका टोकास फुगीर व दुसऱ्या टोकास निमुळता असतो. आठवडा-दहा दिवसांत त्यातून माशी बाहेर पडते. अंड्यापासून माशीपर्यंतचा हा प्रवास सुमारे तीन आठवड्यांत पूर्ण होतो. भारतातील पिकांवर ‘इश्चिओडॉन स्कुटेल्लारिस’ ही जातीही ठिकठिकाणी आढळते व तिचा जीवनक्रमही असाच आहे.

अळी दृष्टीस पडली नाही, तरी तिच्या खुणा ओळखता येतात. पानावर डांबराच्या थेंबासारखे काळे, चिकट डाग व माव्याची रिकामी पांढरट कातडी आढळली, म्हणजे तेथे सिरफिडची अळी आहे असे समजावे.

या सेवकालाही शत्रू आहेत, हे सांगितले पाहिजे. ‘डिप्लाझॉन’ नावाची एक बारीक गांधीलमाशी सिरफिडच्या अंड्यांत व कोवळ्या अळ्यांत आपली अंडी घालते व पुढे सिरफिडच्या कोषातून माशीऐवजी गांधीलमाशी बाहेर येते. मुंग्याही माव्याच्या गोड द्रवाच्या लोभाने माव्याचा सांभाळ करतात व अळ्यांना हुसकावतात. निसर्गातील प्रत्येक जीव दुसऱ्याशी अशा रीतीने बांधलेला आहे. त्यामुळे सिरफिड माशी दरवेळी माव्यावर मात करतेच, असा समज करून घेणे योग्य होणार नाही. माशी माव्याच्या मागून येते. मावा आधी वाढतो, नंतर शत्रू वाढतात. मधल्या दहा-पंधरा दिवसांत शेतकऱ्याची परीक्षा असते.

उसावरील लोकरी माव्याचा धडा

या परीक्षेचे एक मोठे उदाहरण अलीकडच्या इतिहासात घडून गेले आहे. २००२ च्या जुलै महिन्यात महाराष्ट्राच्या सांगली जिल्ह्यात उसावर पांढऱ्या लोकरीसारखा मावा मोठ्या प्रमाणावर आढळला. त्यापूर्वी ही कीड ईशान्य भारतात ठाऊक होती. पाहता पाहता ती पश्चिम महाराष्ट्रातून उत्तर कर्नाटकाच्या ऊसपट्ट्यात पसरली. उसाच्या पानांची खालची बाजू पांढरी झाली व वरची बाजू काळ्या बुरशीने झाकली गेली. पुरुषभर उंच वाढलेल्या दाट उसात शिरून फवारणी करणे जवळपास अशक्य होते आणि केलेली फवारणी पानांच्या खालील बाजूस पोहोचत नव्हती.

अशा वेळी शास्त्रज्ञांनी शेतातच कोणते शत्रुकीटक काम करीत आहेत, याचा शोध घेतला. ‘डिफा’ या पतंगाची अळी, ‘मायक्रोमस’ हा जाळीदार पंखांचा कीटक आणि ‘युपिओडस कॉन्फ्रेटर’ ही सिरफिड माशी या तिघांची गणना प्रमुख शत्रूंत झाली. डिफा व मायक्रोमस यांची वाढ करून ते शेतांत सोडण्यात आले. पुढे ‘एनकार्शिया’ ही बारीक परोपजीवी गांधीलमाशीही उपयोगी ठरली. काही वर्षांत या किडीचा जोर ओसरला. या यशाचे सर्व श्रेय सिरफिड माशीला देता येणार नाही; डिफा व मायक्रोमस यांचा वाटा मोठा होता. परंतु जेथे शत्रुकीटक वाढत होते तेथे कीटकनाशके न फवारण्याचा सल्ला त्या वेळी दिला गेला व तो हिताचा ठरला, ही गोष्ट मांजरा खोऱ्यातील ऊस उत्पादकांनीही स्मरणात ठेवण्याजोगी आहे.

परागसिंचनातील वाटा

अळी मांसाहारी असली, तरी माशी स्वतः पूर्ण शाकाहारी असते. फुलांतील मध व पराग हेच तिचे अन्न होय. मादीच्या पोटात अंडी पक्व होण्यासाठी तिला परागातील प्रथिने मिळणे आवश्यक असते. पराग खाण्यासाठी फुलाफुलांवर फिरताना तिच्या अंगाला परागकण चिकटतात व एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर जातात. अशा रीतीने परागसिंचनाचे कार्य घडते.

मधमाशीच्या तुलनेत या माशीच्या अंगावर केस कमी असतात व एका भेटीत ती कमी पराग वाहून नेते. तथापि पिलांसाठी तिला पोळ्याकडे परतावे लागत नाही. म्हणून ती दूरवर भटकू शकते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच खंडांतील ३९ क्षेत्रीय पाहण्या एकत्र करण्यात आल्या. पिकांच्या फुलांना कीटकांनी दिलेल्या एकूण भेटींपैकी २५ ते ५० टक्के भेटी मधमाश्यांच्या कुळाबाहेरील कीटकांच्या होत्या, असे त्यात दिसून आले. या कीटकांत माश्यांचे स्थान महत्त्वाचे आहे. कांद्याचे बी, कोथिंबीर, बडीशेप, गाजर, मोहरी यांसारख्या उघड्या, लहान फुलांच्या पिकांवर सिरफिड माश्या विशेषेकरून येतात. कांद्याचे किंवा कोथिंबिरीचे बी धरणाऱ्या शेतकऱ्याने आपल्या रानात सकाळी नऊ-दहाच्या सुमारास उभे राहून पाहिल्यास याची खात्री पटेल.

या माश्या किती दूर जातात, याचीही माहिती आता उपलब्ध झाली आहे. दक्षिण इंग्लंडच्या आकाशातील रडारच्या नोंदींवरून २०१९ साली असे दाखवून देण्यात आले की, दरवर्षी तेथून एक ते चार अब्ज सिरफिड माश्या ऋतूनुसार ये-जा करतात. नखाएवढ्या जिवाची ही झेप थक्क करणारी आहे. जिल्ह्यांच्या व राज्यांच्या सीमा या जिवाला ठाऊक नाहीत. एका गावाने राखलेल्या माशीचा लाभ शेजारच्या गावालाही होतो आणि एका गावाने केलेल्या बेसुमार फवारणीची झळही शेजाऱ्याला लागते.

सांडपाण्यातील शेपटीवाली अळी

सिरफिड माशीच्या सर्व जातींच्या अळ्या मावा खात नाहीत. काही जातींच्या अळ्या गोठ्यामागील शेणकाल्यात, गटारात, कुजक्या पालापाचोळ्याच्या पाण्यात वाढतात. त्यांना लांब शेपटी असते. ती वस्तुतः श्वासनळी असून गरजेप्रमाणे शरीराच्या कितीतरी पट लांब होते. अळी घाणीत खाली बसून शेपटीचे टोक पाण्याबाहेर ठेवते व श्वास घेते. कुजणारे पदार्थ खाऊन ती त्यांचे रूपांतर खतात होण्यास साहाय्य करते. ही अळी दिसली म्हणजे पाणी साचलेले व अस्वच्छ आहे, एवढा बोध मात्र अवश्य घ्यावा आणि ते पाणी पिण्याच्या किंवा भांडी धुण्याच्या पाण्यात मिसळू देऊ नये.

या अळीपासून होणारी माशी हुबेहूब मधमाशीसारखी दिसते. प्राचीन ग्रीस व रोम येथे मेलेल्या बैलाच्या शरीरातून मधमाश्या जन्मतात, असा समज शतकानुशतके प्रचलित होता. त्या समजाचा उगम या माशीत आहे, असे स्पष्टीकरण ओस्टेन-साकेन या माशीतज्ज्ञाने १८९० च्या दशकात दिले. कुजलेल्या कलेवराच्या द्रवात माशीची अळी वाढे व बाहेर पडलेल्या माशीला लोक मधमाशी समजत. निरीक्षण अपुरे असले, म्हणजे विद्वानांच्याही पिढ्या कशा फसतात, याचे हे उत्तम उदाहरण आहे. करडईवरील अळीला कीड समजणाऱ्याचीही नेमकी हीच चूक होते.

काही मोजक्या जातींच्या अळ्या कांद्यासारखे कंद पोखरतात, हेही नमूद केले पाहिजे. परंतु त्यांची संख्या एकूण कुलाच्या मानाने अल्प आहे.

माशी का कमी होते ?

सिरफिड माशीला दोन गोष्टी लागतात. अळीसाठी मावा आणि माशीसाठी फुले. दोन्ही एकाच काळी व एकमेकांच्या जवळ असतील, तरच तिचा वंश वाढतो. पूर्वीच्या रब्बी शेतात ही सोय आपोआप होत असे. ज्वारीच्या पिकात करडईच्या ओळी असत, कडेला जवस असे, खरिपात कारळ व तीळ असत, मळ्याच्या कोपऱ्यात कोथिंबीर व बडीशेप असे आणि बांधावर रानफुले फुललेली असत. काटेरी करडई कडेने पेरल्यामुळे जनावरे आत शिरत नसत, हा तर उघड लाभ होता; शत्रुकीटकांना आश्रय मिळे, हा झाकलेला लाभ होता.

ही रचना आता विरळ झाली आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस देशात सुमारे दहा लाख हेक्टरांवर करडई होती. अलीकडच्या वर्षांत हे क्षेत्र एक लाख हेक्टरांच्याही खाली आले आहे. काढणीस काटेरी, मजुरीस महाग आणि बाजारात बेभरवशाचे, अशी या पिकाची स्थिती झाल्याने शेतकऱ्यांनी ते सोडले. यात त्यांचा दोष नाही. तथापि सलग एकच पीक, नांगरून अरुंद केलेले बांध आणि बांधावरही मारलेले तणनाशक यांमुळे माशीला हिवाळ्यात बसावयास फूल उरत नाही. फूल नाही म्हणून पराग नाही, पराग नाही म्हणून अंडी नाहीत आणि अंडी नाहीत म्हणून माव्यावर अळी नाही. शेवटी हा सर्व भार फवारणीच्या पंपावर येऊन पडतो.

फवारणीने मावा मरतो, त्याबरोबर अळी व माशीही मरते. पानांआड वाचलेला थोडा मावा आठवड्यात पुन्हा वाढू लागतो. माशीला मात्र पुन्हा उभे राहण्यास तीन आठवडे लागतात. म्हणून पहिल्या फवारणीनंतर दुसरी व दुसरीनंतर तिसरी करावी लागते. खर्च वाढतो, तेलबीचा भाव मात्र वाढत नाही. याहून गंभीर बाब आरोग्याची आहे. २०१७ साली महाराष्ट्राच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. एक फवारणी टळली, तर केवळ पैसा वाचतो असे नाही. ती करणाऱ्या माणसाच्या जिवाचा धोकाही टळतो. करडईच्या कोवळ्या पानांची भाजी या भागात आवडीने खाल्ली जाते, हेही येथे विसरता कामा नये.

शेतकऱ्यांनी काय करावे ?

पहिली गोष्ट, करडईची पेरणी वेळेवर करावी. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या प्रारंभापर्यंत पेरलेले पीक माव्याचा जोर वाढण्यापूर्वी बळकट झालेले असते. उशिराच्या पेरणीवर मावा अधिक पडतो.

दुसरी गोष्ट, डिसेंबरपासून आठवड्यातून एकदा पिकात फेरी मारावी. मावा बहुधा कडेच्या ओळींवर प्रथम येतो. निरनिराळ्या ठिकाणचे वीस-पंचवीस शेंडे तपासावेत. मावा किती व त्यावर शत्रुकीटक किती, या दोहोंची नोंद वहीत करावी. बहुतेक वसाहतींत सिरफिडच्या किंवा ढालकिड्याच्या अळ्या आढळल्या व माव्याची वाढ थांबलेली दिसली, तर आठवडाभर थांबून पुन्हा पाहावे.

तिसरी गोष्ट, मावा वाढतच असेल आणि शत्रुकीटक दिसत नसतील, तर प्रथम माव्याने ग्रस्त अशा कडेच्या ओळींवरच पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. पाच किलो निंबोळ्यांच्या मगजाची भुकटी पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्यावी व एकूण शंभर लिटर द्रावण करावे. फवारणी सायंकाळी करावी; त्या वेळी माश्या व मधमाश्या फुलांवर नसतात. रासायनिक कीटकनाशकाची गरज भासल्यास रैत संपर्क केंद्रातील अधिकाऱ्यांच्या सल्ल्यानेच, सांगितलेल्या प्रमाणात व पीक फुलोऱ्यात नसताना ते वापरावे.

चौथी गोष्ट, माशीसाठी फुलांची सोय करावी. रब्बी पिकाच्या कडेने किंवा दहा-बारा ओळींनंतर एक ओळ कोथिंबिरीची पेरावी. दोन टप्प्यांत पेरल्यास फुलोरा अधिक काळ टिकतो. बी घरच्या उपयोगास येते, त्यामुळे या ओळीचा खर्च वाया जात नाही. बांधाची निदान एक बाजू नांगरापासून व तणनाशकापासून मुक्त ठेवावी. मात्र गाजरगवत फुलण्यापूर्वीच उपटून टाकावे. माशीच्या निमित्ताने त्याला अभय देण्याचे कारण नाही.

शिक्षकांसाठी

ग्रामीण शाळेस प्रयोगशाळेची उणीव असली, तरी रान हीच तिची प्रयोगशाळा होय. सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यांकडून पुढील प्रयोग सहज करवून घेता येईल. काचेच्या दोन बरण्या घ्याव्यात. दोहोंत मावा असलेला एकेक शेंडा, देठ ओल्या कापसात गुंडाळून, ठेवावा. करडईचे काटे बोचतात, म्हणून शेंडे शिक्षकांनी स्वतः कापावेत. एका बरणीत सिरफिडची एक अळी सोडावी, दुसरीत सोडू नये. दोन्ही बरण्यांची तोंडे पातळ कापडाने बांधावीत व त्या सावलीत ठेवाव्यात. रोज सकाळी दोन्हींतील मावा मोजून फळ्यावर लिहावा. अळी असलेल्या बरणीत मावा संपत आला की नवा शेंडा घालावा. अळी कोषात जाईपर्यंत तिने किती मावा खाल्ला, याचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः मांडावा. माशी बाहेर पडली, म्हणजे वर्गासमोर तिचे पंख मोजावेत व तिला शाळेच्या बागेत सोडून द्यावे.

या एका प्रयोगातून जीवनक्रम, अन्नसाखळी, गणित आणि शेती असे चारही विषय शिकविले जातात. शिवाय मूल घरी जाऊन वडिलांना सांगते की, ही अळी मारू नका, ही मावा खाते. पुस्तिकेतून जे काम होत नाही, ते अशा मुलाच्या शब्दाने होते.

उपसंहार

फवारणीचे औषध दुकानात मिळते व त्याची जाहिरात भिंतीभिंतीवर असते. सिरफिड माशीची जाहिरात करणारा कोणी नाही. कारण ती विकत घ्यावी लागत नाही. क्षेत्रीय कर्मचाऱ्यांनी पिकांची पाहणी करताना किडीबरोबर शत्रुकीटकांचीही नोंद घ्यावी, शिक्षकांनी ती मुलांच्या दृष्टीस आणून द्यावी आणि शेतकऱ्यांनी पंप भरण्यापूर्वी हातात एक शेंडा घेऊन तो उन्हात नीट पाहावा. त्यावर काळे डाग, रिकामी कातडी आणि बिनपायांची एक चपटी अळी दिसली, तर पंप खाली ठेवून एक आठवडा वाट पाहावी, एवढीच या प्रसंगी सर्वांस विनंती आहे.